घोडा बोलत नाही, पागा बोलते

एके काळी म्हणे घोड्यांना पंख होते. मनात येईल तेव्हा ते आकाशात भरारी घेत आणि कुणाच्याही हाती लागत नसत. इंद्राला मात्र रथाला जुंपायला आणि युद्धात वापरायला घोडे हवे होते. उडणारा प्राणी जुंपणार कसा? इंद्राने शालिहोत्र ऋषींना गळ घातली आणि ऋषींनी घोड्यांचे पंख छाटून टाकले. जखमी घोडे ऋषींसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, आमचा अपराध काय? आता आमचे कसे व्हायचे? शालिहोत्रांना आपल्या कृत्याचे वाईट वाटले. माणूस तुमचा सांभाळ करील, आजारपणात औषधपाणी करील आणि ते कसे करायचे याचे शास्त्र मीच लिहून ठेवीन, असे वचन त्यांनी दिले.

अश्ववैद्यकाच्या जुन्या परंपरेत सांगितली जाणारी ही कथा. ती खरी मानण्याचे कारण नाही, पण तिचा अर्थ मोठा आहे. घोड्याची निगा राखणे म्हणजे घोड्यावर उपकार करणे नव्हे. त्याचे स्वातंत्र्य घेतले, त्याबदल्यात फेडायचे ते देणे आहे!

याच परंपरेतला, पांडवांपैकी नकुलाच्या नावावर असलेला ‘अश्वशास्त्र’ हा ग्रंथ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५२ साली रंगीत चित्रांसह छापला. नकुल आणि घोडे यांचे नाते महाभारताच्या वाचकांना ठाऊक असते. अज्ञातवासात विराट राजाकडे तो ग्रंथिक या नावाने अश्वपाल म्हणून राहिला होता. पण घोड्यांची ही पोथी भातशेतीच्या, दमट हवेच्या तंजावरात कशाला जपली गेली? घोड्यांचा मुलूख म्हटला की काठियावाड, मारवाड किंवा भीमथडी डोळ्यांपुढे येते, कावेरीचे खोरे नव्हे. खरे तर याच प्रश्नात घोड्याच्या आरोग्याचा सगळा धडा दडलेला आहे.

सोन्याच्या भावाचे घोडे

तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो तमिळ किनाऱ्यावर येऊन गेला. इथले राजे दरवर्षी समुद्रमार्गे हजारो घोडे विकत घेतात आणि एकेका घोड्यासाठी भरमसाट सोने मोजतात, असे त्याने नोंदवले. पुढचे वाक्य अधिक बोलके आहे. वर्ष संपताना त्यांतले मोजकेच घोडे जिवंत उरतात, कारण त्यांची निगा कशी राखायची हे इथल्या लोकांना कळत नाही, असे तो म्हणतो. घोड्यांना शिजवलेला भात आणि मांस खाऊ घालतात, घोड्यांचा वैद्य इथे नाही आणि घोडे विकणारे व्यापारी असा वैद्य इकडे येऊही देत नाहीत, अशी त्याची तक्रार आहे. घोडे मेले तरच पुढच्या वर्षी नवे विकले जाणार ना! त्याच सुमाराचा इराणी इतिहासकार वस्साफ यानेही लोण्यात शिजवलेले धान्य आणि उकळलेले गाईचे दूध घोड्यांना देण्याच्या इथल्या पद्धतीचे वर्णन केले आहे.

परदेशी प्रवाशांच्या लिखाणात तिखटमीठ असतेच. तरीही मूळ मुद्दा आजच्या पशुवैद्यालाही पटेल. गवतावर जगणाऱ्या प्राण्याला भात, लोणी आणि दूध चारायचे, खुंट्याला जखडून पुष्ट करायचे आणि मग एकदम पळवायचे, म्हणजे त्याला आपल्या हातांनी आजारी पाडायचे. घोडे मेले ते औषधावाचून नव्हे, तर रोजच्या चुकीच्या वागणुकीने.

पुढे १६७६च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरात भोसल्यांची गादी स्थापन केली. घोड्याच्या पाठीवर वाढलेली ही माणसे. पागा, चंदी, खरारा, तोबरा, नालबंद हे शब्द मराठ्यांच्या घरातले. घोड्याची किंमत त्यांना ठाऊक होती. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ छावणीला असलेल्या आपल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच उधळली तर पुढे ती मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि मग ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, अशी कानउघाडणी त्यात आहे. घोड्याचा मृत्यू म्हणजे दैवाचा घाला नव्हे, ती कारभाऱ्याची जबाबदारी, हा त्या पत्राचा रोख आहे.

राजाचा दवाखाना

तंजावरच्या गादीवरचा सर्वांत विद्याव्यासंगी राजा म्हणजे दुसरे सरफोजी. जन्म १७७७चा. ते १७९८ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. राजांकडे उरले तंजावरचा किल्ला, राजवाडा आणि ठरलेला तनखा. लढाया संपल्या. दुसरा एखादा राजा अशा वेळी ऐषआरामात बुडाला असता. सरफोजींनी मात्र ग्रंथ जमवले, छापखाना काढला, डोळ्यांच्या रोग्यांच्या उपचारांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या आणि ‘धन्वंतरी महाल’ उभा केला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा निरनिराळ्या पद्धतींच्या औषधांचा अभ्यास चाले आणि माणसांबरोबर जनावरांवरच्या उपचारांचाही विचार होई. राजांचे निधन १८३२ साली झाले. १८५५ साली गादीही संपली, पण ग्रंथसंग्रह वाचला. १९१८ साली तो सर्वांसाठी खुला झाला.

हाच काळ युरोपातही पशुवैद्यकाच्या जन्माचा होता. फ्रान्समधल्या लिआँ शहरात क्लोद बुर्जेला यांनी १७६२ साली जगातली पहिली पशुवैद्यकीय शाळा काढली. हे गृहस्थ मुळात घोडेस्वारी शिकवणारे होते. लिआँला शिकलेला विल्यम मूरक्रॉफ्ट हा इंग्रज १८०८ साली कंपनीच्या घोड्यांच्या पैदास केंद्राचा प्रमुख म्हणून हिंदुस्थानात आला. आपल्याकडे घोड्यांचे वैद्य आधीपासून होतेच. त्यांना ‘सलोतरी’ म्हणत. हा शब्द आला थेट शालिहोत्रांच्या नावावरून आणि इंग्रजांच्या पलटणींतही तो रूढ झाला!

पोथीतले खरे, पोथीतले खोटे

जुन्या अश्वशास्त्रांत काय असते? घोड्याचे रंग, चाल, अंगावरचे भोवरे, दातांवरून वय ओळखण्याची रीत, ऋतूंप्रमाणे खाणे, तबेल्याची रचना आणि रोगांवरचे उपाय. यातले भोवऱ्यांचे प्रकरण आजही अनेकांना भुरळ घालते. गळ्याखाली देवमण असलेला घोडा शुभ, चार पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी भाग्याचा, अमुक जागी भोवरा असलेला मालकाचा घात करणारा. घोड्यांच्या बाजारात या खुणांवरून किमती खालीवर होतात. पण भोवरा म्हणजे केस वाढण्याची दिशा, यापलीकडे त्याचा आरोग्याशी संबंध नाही. देवमण असलेला घोडा लंगडत असेल तर तो लंगडाच!

दातांचे मात्र तसे नाही. घोड्याचे दात आयुष्यभर झिजत आणि वर सरकत राहतात. झिजेनुसार दातांवरच्या खुणांचा रंग आणि आकार बदलतो. जुन्या ग्रंथकारांनी या बदलांना वेगवेगळी नावे दिली होती. आजचे पशुवैद्यही तोंड उघडून याच खुणांवरून वयाचा अंदाज बांधतात. शिवाय एक महत्त्वाची गोष्ट. झिजताना दाढांना धारदार कडा येतात, त्या गालाला आणि जिभेला कापतात. अशा घोड्याच्या तोंडातून अर्धवट चावलेल्या गवताच्या गोळ्या खाली पडतात आणि तो वाळत जातो. मालक म्हणतो, खातो पण अंगी लागत नाही. खरा इलाज टॉनिक नव्हे. वर्षातून एकदा पशुवैद्याकडून दाढा कानशीने घासून घेणे, हा तो इलाज.

ऋतूंप्रमाणे खाणे बदलावे, तबेला कोरडा आणि हवेशीर असावा, घोड्याला रोज फिरवावे, ही पोथीतली शिकवणही शंभर नंबरी आहे. पान का सडले, भाकरी का करपली, घोडा का अडला, या तिन्हींचे एकच उत्तर प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेले असते: न फिरवल्यामुळे. त्या कोड्यात शरीरशास्त्रही आहे. रोज कष्ट करणारा घोडा एखादा दिवस बांधून ठेवला, दाणा मात्र पुरा दिला आणि दुसऱ्या दिवशी एकदम कामाला जुंपला, तर त्याचे मागचे स्नायू ताठरतात, घाम फुटतो, लघवी काळपट होते आणि तो जागचा हलत नाही. युरोपात रविवारच्या सुट्टीनंतर हे दिसे, म्हणून त्याला ‘सोमवारचा आजार’ असेच नाव पडले. उपाय सोपा आहे. सुट्टीच्या दिवशी दाणा कमी करायचा आणि घोडा थोडा तरी फिरवायचा.

हुलग्याची चंदी

आपल्याकडे घोड्याची चंदी म्हटली की भिजवलेला हरभरा. दक्षिणेत तो मान हुलग्याचा. इंग्रजांनी हुलग्याला ‘हॉर्सग्रॅम’, म्हणजे घोड्याचा हरभरा, हे नाव दिले ते त्यामुळेच. ज्याचे माडगे आणि पिठले आपण आवडीने खातो तोच हा कुळीथ, शिजवून घोड्यापुढे येई. पण चंदी हे घोड्याचे जेवण नव्हे, ती तोंडी लावायची गोष्ट. जेवण म्हणजे गवत. घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या सुमारे दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो. ३०० किलोच्या तट्टाला पाच-सहा किलो वाळलेले गवत तरी हवेच. भाताचा पेंढा तंजावरात मुबलक आहे, पण त्यात सत्त्व कमी. गाईबैल रवंथ करून त्यातून काही मिळवतात, घोडा रवंथ करत नाही. नुसत्या पेंढ्यावर घोडा पोसला जात नाही.

पुष्कळ घरांत घोड्यावर प्रेम म्हणजे जास्त दाणा असा समज असतो. वरातीच्या घोड्याला लाडू, गूळ, पोळ्या भरवल्या जातात. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते. एकदम पोटात गेलेले धान्य आतड्यात आंबते, त्यातले विष रक्तात जाते आणि खुरांच्या आतल्या नाजूक पापुद्र्यांना सूज येते. घोडा पुढचे पाय लांब टाकून, मागच्या पायांवर भार देऊन उभा राहतो. असा घोडा पुन्हा पूर्ववत धावेल याची खात्री देता येत नाही. एक दिवसाचा लाड आणि जन्माचे लंगडेपण!

ज्याला उलटी होत नाही

घोडेवाल्यांना सर्वांत जास्त धास्ती पोटशूळाची. याचे कारण घोड्याच्या शरीरातच आहे. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेले वाईटसाईट बाहेर टाकण्याचा आपल्याला असलेला मार्ग त्याला नाही. त्यातच त्याचे आतडे लांब आणि ठिकठिकाणी वळणे घेणारे. चारा कोंडला, वायू धरला किंवा आतड्याला पीळ बसला की काही तासांत जीव जाऊ शकतो.

घोडा बोलत नाही, पण सांगतो. तो पुढच्या पायाने जमीन उकरतो, सारखा वळून कुशीकडे बघतो, बसतो-उठतो, लोळतो, घामाघूम होतो आणि लीद टाकत नाही. ही चिन्हे दिसताच चारा-दाणा बंद करावा आणि पशुवैद्याला ताबडतोब बोलवावे. तो येईपर्यंत घोडा फार लोळत असेल तर त्याला हळूहळू चालवावे. बाटलीने किंवा बांबूच्या नळीने तेल, काढा घशात ओतण्याची जुनी पद्धत मात्र टाळावी. ते पोटाऐवजी फुप्फुसात उतरले तर पोटशूळातून वाचलेला घोडा न्यूमोनियाने जातो. डॉक्टर नाकावाटे जठरात नळी घालतात. ते काम त्यांचेच.

पोटशूळ टाळण्याचे नियम कुठल्याही गृहिणीला पटतील असे आहेत. खाण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. दाणा थोडा थोडा, दोन-तीन वेळा द्यावा. नवा चारा एकदम सुरू करू नये, आठवडाभर जुन्यात मिसळत जावे. चारा रेताड जमिनीवर टाकू नये, वाळू पोटात साठते. बुरशी लागलेली वैरण फेकून द्यावी. पाणी स्वच्छ आणि भरपूर हवे. साध्या हवामानात घोडा दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात आणि कष्टात त्याहून जास्त. लीद तपासून जंतांचे औषध द्यावे. दर तीन महिन्यांनी डोळे मिटून तेच औषध पाजत राहिले, तर जंतच त्याला सरावतात.

दमट हवेचे दुखणे, माशीचा ताप

तंजावरच्या हवेत घोडे का टिकत नसत, याचा उलगडा आधुनिक विज्ञानाने बराचसा केला आहे. घोडा माणसासारखाच घाम गाळून अंग थंड ठेवतो. उष्ण आणि दमट मुलखात काही घोड्यांचा घाम हळूहळू बंदच होतो. थंड देशातून आणलेल्या घोड्यांत हा विकार इंग्रजांच्या काळात ठळकपणे लक्षात आला. असा घोडा थोड्या पळण्याने धापा टाकतो, ताप चढतो, पण कातडी कोरडीच राहते. त्याला सावली, वारा, पाण्याचे फवारे आणि मीठ हवे. काम पहाटे किंवा संध्याकाळी घ्यावे. खाऱ्या मिठाचा खडा तबेल्यात कायम ठेवावा, कारण घोड्याच्या घामातून पुष्कळ क्षार जातात.

दुसरा शत्रू डास. भातखाचरे, साचलेले पाणी आणि जोडीला गाईगुरे असली की एक चमत्कारिक दुखणे दिसते. गुरांच्या पोटात फारसा त्रास न देता राहणाऱ्या एका सुतासारख्या कृमीची पिल्ले डास उचलतो आणि घोड्याला चावताना त्याच्या अंगात सोडतो. घोड्याच्या शरीरात ती वाट चुकतात. मज्जारज्जूत शिरली तर मागचा भाग लुळा पडतो. याला उत्तरेत ‘कुमरी’ म्हणतात, म्हणजे कमरेचे दुखणे. डोळ्यात शिरली तर बुबुळामागे पांढरा दोरा वळवळताना चक्क दिसतो आणि तो शस्त्रक्रियेने काढावा लागतो. पूर्वीच्या माणसाने याला करणी म्हटले असेल तर नवल नाही!

तिसरा शत्रू चावणारी मोठी माशी. घोड्याला मधूनमधून ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. पोटाखाली आणि पायांवर सूज येते, खाणे चालू असूनही तो खंगतो. हा ‘सरा’ रोग. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने १८८० साली तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माईल खान इथे आजारी घोड्यांचे आणि उंटांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले आणि तेच रोगाचे मूळ आहे, असे त्याने सांगितले. वरिष्ठांनी त्याला वेड्यात काढले, पण तो बरोबर होता. आज या रोगावर औषध आहे, मात्र ते वेळीच आणि योग्य मात्रेत द्यावे लागते.

नकुलाच्या पोथीला सूक्ष्म जीव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण तबेला कोरडा ठेवा, लीद साचू देऊ नका, हे तिने सांगितलेले पाळले तरी माशा आणि डास निम्मे कमी होतात. कारण चुकले तरी नियम बरोबर, अशी वैद्यकात पुष्कळ उदाहरणे आहेत.

लपवू नये असा रोग

काही रोग घोड्यापाशी थांबत नाहीत. ग्लँडर्स त्यांतला सर्वांत भयंकर. नाकातून चिकट, कधी रक्ताळलेला स्राव, नाकात व्रण, अंगावर गाठी आणि ताप ही त्याची चिन्हे. हा जीवाणू माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. त्यावर लस नाही. रोग पक्का ठरला तर त्या जनावराला शांतपणे मरण देणे आणि तबेला निर्जंतुक करणे, एवढेच हाती राहते. २००६ साली महाराष्ट्रात हा रोग पुन्हा दिसला आणि नंतर अनेक राज्यांत त्याने डोके वर काढले. २००९च्या कायद्याप्रमाणे संशय येताच सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. रक्ताच्या तपासणीची सोय हरियाणातल्या हिसार इथल्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे.

इथेच खरे घोडे पेंड खाते. टांगेवाला, वरातीचा घोडेवाला, थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फिरवणारा, यांच्या घरची चूल एका घोड्यावर पेटते. घोडा मारतील या भीतीने तो रोग लपवतो, रातोरात घोडा विकून टाकतो आणि रोग पुढच्या गावी पोहोचतो. शिक्षेच्या धाकाने हे थांबणार नाही. नुकसानभरपाई वेळेवर मिळेल असा विश्वास त्याला वाटला, तरच तो स्वतःहून पुढे येईल. घोड्याच्या मालकाला वाचवले तरच रोग आवरतो, हे प्रशासनाने ध्यानात ठेवायला हवे.

धनुर्वात हा दुसरा रोग. पाळीव जनावरांत त्याचा सर्वाधिक धोका घोड्याला. खुरात रुतलेला एक खिळा पुरतो. पण याची लस स्वस्त आणि खात्रीची आहे. घोड्यांचा इन्फ्लुएन्झा २००८-०९ साली देशातल्या अनेक राज्यांत पसरला होता. त्याचीही लस मिळते. रेबीजची लसही टोचून घ्यावी. बाहेरून आणलेला नवा घोडा दोन-तीन आठवडे वेगळा बांधावा, त्याची बादली आणि खरारा वेगळा ठेवावा. जत्रेहून परतलेल्या घोड्यालाही हाच नियम लावावा.

जाता जाता एक गोष्ट. साप चावल्यावर जी लस माणसाचा जीव वाचवते ती घोड्याच्या रक्तातून तयार होते. सापाचे विष अगदी अल्प प्रमाणात घोड्याला टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिकारक द्रव्ये तयार होतात आणि रक्त काढून ती वेगळी केली जातात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामासाठी घरोघरी माहीत आहे. घोड्याचे देणे म्हणतात ते असे.

सहलीला गेल्यावर

ज्यांच्या दारी घोडा नाही त्यांनाही या माहितीचा उपयोग आहे. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानला, महाबळेश्वरला किंवा समुद्रकिनारी मुले घोड्यावर बसायचा हट्ट धरतात. बसण्यापूर्वी दोन मिनिटे घोडा पाहावा. चालताना तो एका पायावर मान खाली-वर झटकतो का? तसे असेल तर तो लंगडतो आहे. खोगिराच्या कडेला किंवा लगामाखाली जखम आहे का? नाकातून घट्ट स्राव येतो का? बरगड्या मोजता येतात का? उभा असतानाही धापा टाकतो का? यातले काही दिसले तर दुसरा घोडा घ्यावा आणि का घेतला हे मालकाला शांतपणे सांगावे. निरोगी घोड्याला गिऱ्हाईक जास्त मिळते, हे कळले की निगा आपोआप सुधारते. धडधाकट, वजनदार माणसांनी लहान तट्टावर बसण्याचा मोहही टाळावा.

मालकांसाठी रोजचा पाठ छोटा आहे. सकाळी खरारा करताना सगळ्या अंगावरून हात फिरवावा. सूज, गरम भाग, गोचीड तेव्हाच कळते. चारही खूर उचलून साफ करावेत. कुबट वास आला तर खूर कुजू लागला असे समजावे. नालबंदाला दर सहा ते आठ आठवड्यांनी बोलवावे. निरोगी घोड्याचा ताप ९९ ते १०१.५ अंश फॅरनहाइट आणि नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. स्वस्थ असतानाचे आपल्या घोड्याचे आकडे लिहून ठेवले, तर बिघाड पहिल्या दिवशीच ध्यानात येतो.

तंजावरपासून जवळच ओरत्तनाडू नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सरफोजीराजांनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या स्मरणार्थ तिथे मोठे छत्र बांधले. त्यांच्या छत्रांत वाटसरूंना अन्न मिळे, मुलांना शिक्षण मिळे आणि आजाऱ्यांसाठी वैद्य असत. त्याच ओरत्तनाडूत २०१२ साली तामिळनाडू सरकारच्या विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सलोतऱ्यांची जागा आता तिथे शिकलेले डॉक्टर घेत आहेत. त्यांच्या हाती सूक्ष्मदर्शक आहे, लस आहे, भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याची सोय आहे.

तरी डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार आणि मोतद्दार रोज सकाळी. घोड्याचे आयुष्य ठरते ते त्या रोजच्या सकाळी. कुठल्याही घोड्याची प्रकृती जाणून घ्यायची असेल, तर आधी त्याच्या पायाखालची जमीन कोरडी आहे का आणि बादलीतले पाणी स्वच्छ आहे का, एवढे पाहावे.